माळ्यावरचा संगणक भंगारात देण्याआधी

प्रश्न : वडिलांनी १९९४ मध्ये डीटीपीचं दुकान टाकलं होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून दोन सीपीयू, दोन अवजड मॉनिटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फ्लॉप्यांचे डबे खाली आले. भंगारवाला सगळं किलोवर मागतोय. यातलं काही कुणाच्या कामाचं असेल का? ते ओळखायचं कसं?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : किलोवर द्यायची घाई करू नका; पण जुनं आहे म्हणजे मोलाचंच असणार, असंही धरून चालू नका. जुन्या संगणकात पूर्ण यंत्र सहसा कुणालाच नको असतं. कुणाला त्यातलं एखादं पोर्ट हवं असतं, कुणाला एखादं कार्ड, तर कुणाला आतला मजकूर. त्यामुळे ‘हा संगणक कोणाला हवा आहे का?’ असं विचारलंत तर सगळे नाहीच म्हणतील. यात काय काय आहे याची यादी करून विचारलंत, तर एखादा तरी ‘थांबा, मी येतो’ म्हणेल.

तुमच्या बाबतीत सुरुवात सीपीयूच्या पाठीमागून करा. प्रिंटरची वायर लागते त्या पंचवीस छिद्रांच्या सॉकेटवर काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा बसवलेला दिसला, तर तो आधी जपून काढून घ्या. डीटीपीवाले त्याला ‘लॉक’ किंवा डोंगल म्हणतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकचं ‘आयएसएम’ ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं अशा लॉकवर चालायची. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. किलोवर दिलं तर या ठोकळ्याचे पैसेही येणार नाहीत. पण एखाद्या जुन्या प्रेसला त्याची खरी गरज असू शकते.

कारण असं की, विंडोजमध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. एका फॉन्टमध्ये एका जागी ‘क’, तर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये त्याच जागी भलतंच काही. म्हणून त्या काळची फाइल आजच्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट कोणता ते कळलं, तर साधा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो. पेजमेकरमध्ये लावलेली पानं मात्र जशीच्या तशी मिळवायची, तर जुनं यंत्र, जुना फॉन्ट आणि जुना लॉक हा संच एकत्र लागतो. एखाद्या संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावच्या यात्रेची पत्रकं, वाचनालयाचे अहवाल, दिवाळी अंक असं बरंच काही छापील प्रतही हाती नसताना अशा फायलींमध्ये पडून असतं. तेव्हा पहिला फोन तालुक्यातल्या जुन्या प्रेसवाल्यांना करा आणि दुसरा, वडिलांनी ज्यांची कामं केली त्या संस्थांना.

फ्लॉप्यांबाबत थोडं सांभाळून. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. ती तशीच ड्राइव्हमध्ये घातली, तर चकती खरवडली जाते आणि ड्राइव्हचं हेडही खराब होतं. साडेतीन इंची फ्लॉपीची धातूची पट्टी सरकवून उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारा यूएसबी ड्राइव्ह आजही मिळतो. सव्वापाच इंचीला तो चालत नाही; तिला जुना ड्राइव्ह आणि ‘ग्रीजवीझल’सारखं छोटं सर्किट लागतं. वाचायची ती एकदाच, पूर्ण नक्कल काढून घ्यायची, आणि पुढचं सगळं काम नकलेवर करायचं.

प्रश्न : पंधरा वर्षं बंद असलेला संगणक चालतो का ते बघायला लगेच प्लगमध्ये लावावा का?
— एक वाचक, जामखेड

उत्तर : नको. आधी झाकण उघडा. धूळ, मुंगळे, पालीची अंडी हे सगळं मऊ ब्रशने साफ करा. मग मदरबोर्डवर दोन गोष्टी शोधा.

पहिली म्हणजे बॅटरी. २८६, ३८६ आणि ४८६ च्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर बोटाच्या पेराएवढी गोल, बहुधा निळी, निकेल-कॅडमियम बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती फुटून आतला क्षार बाहेर येतो आणि बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसते ती हीच. यंत्र ठेवायचं असो वा द्यायचं, ही बॅटरी आधी कापून काढा. नंतरच्या बोर्डांवर नाण्यासारखी बॅटरी असते. ती सहसा इतका त्रास देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कपॅसिटर. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसले होते आणि जगभर ते फुगून फुटले. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं किंवा वरून तपकिरी गळलेलं असेल तर आधी बदलून घ्यावे लागतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुठलाही जुना कारागीर हे काम करतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेलं यंत्र असेल, तर एसएमपीएसच्या मागचं लाल बटण २३० वर आहे ना ते पाहा. ते ११५ वर राहिलं तर पहिल्याच क्षणी धूर निघेल. आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर घरी कधीच उघडू नका. बंद असतानाही त्याच्या नळीत जिवावर बेतणारा उच्च दाबाचा भार शिल्लक राहू शकतो.

प्रश्न : पण एवढे जुने संगणक आता वापरतं तरी कोण?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : तुमच्याच तालुक्याच्या आसपास पाहा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाडीची पावती एकदम दोन-तीन प्रतींत लागते. लेझर किंवा इंकजेट प्रिंटर कागदावर आघात करत नाही, त्यामुळे कार्बन प्रत निघत नाही. तिथे टकटक करणारा डॉट मॅट्रिक्सच लागतो. पतसंस्थांची पासबुकं, आडत दुकानांच्या पट्ट्या, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या यांची तीच गोष्ट. टीव्हीएस किंवा एप्सनचा जुना प्रिंटर रिबन बदलून चालत असेल, तर तो भंगार नव्हे. चालत नसला तरी त्याचं हेड आणि गिअर दुरुस्तीवाल्याला हवे असतात.

दुसरं गिऱ्हाईक औद्योगिक वसाहतीत. १९९० च्या दशकातली सीएनसी यंत्रं, भरतकामाची यंत्रं, तपासणीची उपकरणं यांचं लोखंड अजून ठणठणीत असतं. पण प्रोग्राम चढवायला फ्लॉपी किंवा नऊ पिनांचं सिरियल पोर्ट लागतं. सिरियल पोर्टाला यूएसबी कन्व्हर्टरचा पर्याय पुष्कळदा चालतो. पण यंत्राचं नियंत्रण जुन्या ‘आयसा’ स्लॉटमधल्या कार्डावर असेल, तर तो स्लॉट असलेला मदरबोर्डच शोधावा लागतो. लाखो रुपयांचं यंत्र एका जुन्या बोर्डासाठी अडून बसलेलं असतं. म्हणून नगरच्या नागापूर एमआयडीसीत किंवा सुप्यात ओळखीचा मेंटेनन्सवाला असेल, तर त्याला बोर्डाचा आणि सीपीयूच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. ‘पेंटियम आहे’ एवढं सांगून त्याला काही कळणार नाही. स्लॉट आणि पोर्टं दिसली की तो लगेच हो किंवा नाही सांगेल.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका कंपनीने दहा जुने संगणक देऊ केले आहेत. घ्यावेत का?
— एक शिक्षिका, पारनेर तालुका

उत्तर : आधी तीन गोष्टी विचारा. प्रोसेसर ६४-बिटचा आहे का? रॅम किमान ४ जीबी आहे किंवा करता येईल का? आणि देणारे साध्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवून देतील का? तिन्हींना होकार असेल तर जरूर घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं मोफत पाठबळ संपलं. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे एरवी धडधाकट असलेली पुष्कळ यंत्रं कचेऱ्यांमधून बाहेर पडत आहेत. त्यांवर लिनक्स उत्तम चालतं. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्सही आहे. ‘किविक्स’ नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. रेंज नसलेल्या वस्तीशाळेत ही सोय फार मोठी.

३२-बिटची यंत्रं देऊ केली असतील तर नम्रपणे नको म्हणा. ‘डेबियन’सारख्या दीर्घकाळ जुन्या यंत्रांना सांभाळून घेणाऱ्या लिनक्सनेही २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे. काचेच्या नळीचे मॉनिटरही घेऊ नका. वीज जास्त खातात, जागा अडवतात आणि बिघडले की विल्हेवाटीचं ओझं तुमच्यावर येतं.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना वेगळी सांगायला नको. शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती बिघडली तरी निर्लेखन होईपर्यंत हलवता येत नाही. एका खोलीत कुलूपबंद पडलेले बंद संगणक बऱ्याच शाळांत दिसतात, ते यामुळेच. दान देणाऱ्याची खोली रिकामी होते आणि शाळेची भरते. म्हणून देणाऱ्याला एक अट घाला : दोन वर्षं दुरुस्ती तुमची, आणि त्यानंतर परत नेऊन योग्य जागी पोहोचवण्याची जबाबदारीही तुमची. अट मान्य करणारा दाता खरा.

प्रश्न : खेड्यांत सर्वांत आधी आलेल्या संगणकांचं पुढे काय झालं?
— एक विद्यार्थी, अकोले

उत्तर : आपल्या राज्यातलं याचं नीट नोंदलेलं उदाहरण वारणेचं आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाखाली संगणक केंद्रं उभी राहिली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले असं पुष्कळ काही त्यांवरून मिळावं, असा बेत होता. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवी होती साखर कारखान्याची माहिती : आपला ऊस किती गेला, पैसे किती जमा झाले, खत किती उचललं. काही वर्षांत संगणक जुने झाले आणि त्यांची देखभाल महाग पडू लागली.

मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. आधी संगणकावर होणारी सगळी कामं त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत जास्त आवडली. २००७ मध्ये हा अभ्यास ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने प्रसिद्ध झाला.

जुनं यंत्र दुसऱ्याला देताना हे ध्यानात ठेवावं. समोरच्याची गरज साध्या मोबाइलवर भागत असेल, तर त्याच्या घरी संगणक पोहोचवून आपण त्याचं फक्त टेबल अडवतो.

प्रश्न : जुने संगणक लाखोंना विकले जातात असं ऐकतो. आतलं सोनं काढता येतं असंही म्हणतात. खरं काय?
— एक वाचक, कोपरगाव

उत्तर : लाखोंना विकले जातात हे खरं, पण कोणते ते पाहा. ॲपल कंपनीचा पहिला संगणक ‘ॲपल-१’ १९७६ मध्ये सुमारे २०० नग बनला. २०१४ मध्ये त्यातला एक लिलावात नऊ लाख डॉलरच्या वर गेला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मिलपिटास इथे एका बाईंनी घरातली जुनी खोकी रीसायकलिंग केंद्रावर सोडली. पावतीही न घेता त्या गेल्या. खोक्यांत ॲपल-१ निघाला आणि तो दोन लाख डॉलरला विकला गेला. निम्मी रक्कम त्यांना द्यायची म्हणून केंद्राने त्यांचा जाहीर शोध घेतला.

आपल्याकडे तसं घबाड मिळणं जवळजवळ अशक्य. भारतात घडलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक ‘टिफ्रॅक’ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झाला. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. तो कुणाच्या माळ्यावर मावणारा नव्हे. पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या काही वस्तू मराठी घरांत सापडू शकतात. १९८४-८५ च्या ‘क्लास’ योजनेत शाळांना मिळालेले बीबीसी मायक्रो संगणक. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने विकलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. एचसीएल, डीसीएम, ईसीआयएल यांची सुरुवातीची यंत्रं. साध्या पीसीवर भारतीय लिप्या आणणारं सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड. कळफलकावर देवनागरी अक्षरं छापलेली दिसली, तर तो कळफलकही वेगळा ठेवा. बाकी १९९८ नंतरचे असेंबल केलेले पेंटियम पैशाला पासरी आहेत. ते सुट्या भागांसाठी किंवा रीसायकलिंगसाठी.

अशा वस्तूबरोबर तिची हकीगत लिहून द्यायला विसरू नका. नगरचं १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय पाहिलं असेल, तर मुद्दा लगेच पटेल. रणगाडा कोणत्या देशाचा, कोणत्या युद्धातला, हाती कसा लागला, हे पाटीवर वाचल्यावरच माणूस त्यासमोर थांबतो. संगणकाचंही तसंच. कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, किती रुपयांना घेतला, त्यावर कोणती कामं झाली, हे एका कागदावर लिहा. मूळ बिल, पुस्तिका आणि सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या सोबत ठेवा. संग्राहक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संगणक विभाग अशा नोंदीमुळे वस्तूकडे वळून पाहतात.

सोन्याचं म्हणाल तर कनेक्टरांवर आणि जुन्या प्रोसेसरांवर सोन्याचा मुलामा असतो, हे खरं. तो इतका पातळ असतो की घरगुती प्रमाणात काढण्याला काही अर्थ नाही. त्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. त्याची वाफ फुप्फुसं जाळते आणि उरलेलं पाणी नाल्यात जातं. चित्रफिती पाहून हा उद्योग करू नका.

प्रश्न : शोधाशोध झाली, काही वस्तू गेल्या, काही उरल्या. आता पुढे काय? हार्ड डिस्कची भीती वाटते.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : भीती रास्त आहे. ‘डिलीट’ केलेली आणि फॉरमॅट मारलेली डिस्कही पुष्कळदा परत वाचता येते. दुकानाचा टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकांचे पत्ते, घरचे फोटो त्यात असतात. पतसंस्थेची डिस्क असेल तर सभासदांची खाती. आधी उपयोगाचं काढून घ्या. जुन्या चाळीस पिनांच्या आयडीई डिस्कसाठी यूएसबी अडॅप्टर मिळतो. मग डिस्क कुणाला वापरायला द्यायची असेल, तर ‘एनवाइप’सारख्या मोफत साधनाने पूर्ण पुसा. मोठी डिस्क पुसायला रात्र जाते, तेव्हा झोपण्यापूर्वी लावून द्या. एसएसडीला ही पद्धत पुरत नाही. तिच्या कंपनीने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी लागते. डिस्क चालतच नसेल, तर ड्रिलने चकतीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा.

उरलेल्या वस्तूंसाठी ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत. अंमल १ एप्रिल २०२३ पासून. यात रीसायकलिंग करणाऱ्यांसोबत ‘रिफर्बिशर’, म्हणजे यंत्र दुरुस्त करून त्याचं आयुष्य वाढवणारे, यांचीही वेगळी नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. तेव्हा आधी नोंदणीकृत रिफर्बिशर, तो नको म्हणाला तर नोंदणीकृत रीसायकलर, असा क्रम ठेवा. वर्षात कधीही एक हजार किंवा अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था नियमांनुसार ‘मोठी ग्राहक’ ठरते. मोठा कारखाना किंवा शिक्षणसंस्था यात सहज येऊ शकते. अशा संस्थेने ई-कचरा नोंदणीकृतांनाच द्यायचा असतो. पुण्यात ‘पूर्णम इकोव्हिजन’ची ‘ई-यंत्रण’ मोहीम असा कचरा गोळा करते आणि दुरुस्त होणारी यंत्रं गरजूंपर्यंत पोहोचवते. नगरहून पुण्याला गाड्या रोजच जातात. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक खेप केली तर खर्च अंगावर येत नाही.

नोंदणीचा आग्रह कशासाठी, ते मॉनिटरवरून कळेल. काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये भंगाराच्या हिशेबाने मोलाचं म्हणजे तांब्याची गुंडाळी. ती काढायला नळीची मान मोडतात आणि शिसं असलेली काच कुठेतरी ओढ्याकाठी टाकून देतात. पैसे तुम्हाला थोडे मिळतात. शिसं पाण्याला मिळतं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातल्या बऱ्याच ढिगाची वाट अशीच लागते.

शेवटी, श्रीरामपूरच्या वाचकांसह सर्वांना एक सल्ला. विचारणेला महिन्याची मुदत घाला. पहिल्या आठवड्यात फोटो आणि यादी, दुसऱ्यात प्रेस, दुरुस्तीवाले आणि एमआयडीसी, तिसऱ्यात शाळा आणि संग्राहक, चौथ्यात डिस्क पुसून उरलेलं सगळं नोंदणीकृत केंद्रात. पावती मागून घ्या. ज्याला कुणी हो म्हणालं नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक यंत्रं याच वाटेने जायची असतात, आणि त्यांतलं तांबं, ॲल्युमिनियम, सोनं पुन्हा कामाला लागणं हाही पुनर्वापरच. चुकीचा पर्याय एकच : ‘बघू नंतर’ म्हणून सगळं पुन्हा माळ्यावर चढवणं. तिथे बॅटरी गळत राहते, फ्लॉपीवर बुरशी चढते, आणि आज ज्याला हो म्हणणारा एखादा आहे त्याला पाच वर्षांनी कुणीच नसतो.